रिकाम्या खुर्चीचे पैसे कोण भरतो? पर्यटन व्यवसायाच्या इतिहासावर वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात सहलींच्या धंद्याचा इतिहास या विषयावर प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांतले बरेचसे प्रश्न फिरून एकाच जागी येतात. रेल्वे दुसऱ्याची, हॉटेल दुसऱ्याचं, विमानही दुसऱ्याचं, मग टूर कंपनी विकते तरी काय? आमच्या मते ती जोखीम उचलण्याचे पैसे घेते. जागा आधी घाऊक भावात घ्यायची, नंतर एकेक करून विकायची आणि उरली तर तोटा आपण सोसायचा. ज्यांना हे जमलं ते टिकले. पुढची उत्तरं वाचताना एवढं ध्यानात असू द्या.

पहिली सहल थॉमस कुकनेच काढली असं सगळीकडे वाचतो. ते खरं आहे का? (वाचक, सातारा)

अर्धंच खरं आहे. ५ जुलै १८४१ रोजी कुकने इंग्लंडमधल्या लेस्टरहून लफबरोपर्यंत सुमारे ५०० माणसं रेल्वेने नेली. अंतर ११ मैल, भाडं माणशी १ शिलिंग. निमित्त दारूबंदीवाल्यांच्या मेळाव्याचं होतं. कुक सुतारकाम करणारा, बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाचा प्रचारक होता आणि या फेरीतून नफा मिळवणं हा त्याचा हेतू नव्हता. पण त्याच्या आदल्याच वर्षी, १८४० मध्ये, याच भागात कामगारांच्या शिक्षणसंस्थांसाठी खास सहलीच्या गाड्या धावल्या होत्या. म्हणजे कल्पना हवेत होतीच.

कुकचं खरं श्रेय १८४५ च्या लिव्हरपूल सहलीत आहे. ती त्याने नफ्यासाठी काढली. पहिल्या वर्गाचे १५ शिलिंग, दुसऱ्याचे १०. त्याआधी तो स्वतः तो मार्ग फिरून आला, वेगवेगळ्या रेल्वे कंपन्यांशी बोलून सगळ्या टप्प्यांचं एकच तिकीट ठरवलं आणि प्रवाशांसाठी माहितीपुस्तिका छापली. आधी पाहणी, मग वाटाघाटी, मग छापील कार्यक्रम. आजची कुठलीही टूर कंपनी नवं ठिकाण विक्रीला काढते तेव्हा हाच क्रम असतो.

१८५१ च्या लंडनमधल्या महाप्रदर्शनाला त्याने सुमारे दीड लाख माणसं पोचवली. कामगारांना एकरकमी पैसे देणं शक्य नव्हतं, म्हणून दर आठवड्याला थोडे थोडे जमा करण्याची मंडळं चालवली गेली. सहलीसाठी हप्ते भरण्याची पद्धत इतकी जुनी आहे.

मग तो परदेशी सहलींकडे का वळला? (वाचिका, नागपूर)

काही अंशी नाइलाजाने. १८६२ मध्ये स्कॉटलंडच्या रेल्वे कंपन्यांनी त्याच्याशी असलेली सवलतीच्या तिकिटांची व्यवस्था मोडली. आपलं काम हा दलाल कशाला करतो, आपणच करू, असा त्यांचा विचार. दुसऱ्याच्या मालावर धंदा करणाऱ्याला ही भीती कायम असते. आज विमान कंपन्या एजंटचं कमिशन बंद करतात तेव्हाही हेच घडतं. कुकने १८६३ च्या उन्हाळ्यात स्वित्झर्लंडची सहल काढली आणि धंद्याची दिशा बदलली.

परदेशात नवी अडचण उभी राहिली. भाषा वेगळी, चलन वेगळं, हॉटेलचं बिल शेवटपर्यंत न कळणारं. मेणबत्तीचे पैसे वेगळे, नोकरांच्या सेवेचे वेगळे. १८६८ पासून त्याने हॉटेलची कूपनं विकायला सुरुवात केली. प्रवाशाने घरी असतानाच कूपनांचं पुस्तक विकत घ्यायचं. खोलीच्या कूपनात दिवाबत्ती आणि सेवा धरलेली असे, जेवणाची कूपनं निराळी. हॉटेलवाला ती गोळा करून कुककडे पाठवी आणि पैसे वसूल करी. प्रवाशाला खर्च आधी कळला, हॉटेलवाल्याला गिऱ्हाईक बांधून मिळालं. कुकच्या हातात मात्र सर्वात मोलाची गोष्ट आली. प्रवाशाचे पैसे आधी येत, हॉटेलचे नंतर जात. मधल्या काळात ती रोकड त्याच्याकडे असे.

तुमच्या हातात आज जे हॉटेलचं व्हाउचर येतं ते त्याच कूपनाचं पुढचं रूप आहे आणि त्याचा दुबळेपणाही तोच. व्हाउचर हातात असलं म्हणजे हॉटेलला पैसे पोचले असं नाही. निघण्याच्या आठवडाभर आधी हॉटेलला थेट फोन करून त्यांच्या नोंदीतला कन्फर्मेशन नंबर विचारा. एजंटच्या कागदावरचा बुकिंग नंबर पुष्कळदा फक्त एजंटचा असतो.

मुंबईचा या इतिहासाशी काही संबंध आहे का? (वाचक, डोंबिवली)

आहे, आणि चांगला घट्ट आहे. १८७२ च्या सप्टेंबरात कुक एक छोटा गट घेऊन जगप्रदक्षिणेला निघाला. २२२ दिवसांची ती सहल कशामुळे शक्य झाली हे पाहण्यासारखं आहे. १८६९ मध्ये अमेरिकेत एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत रेल्वे जोडली गेली, त्याच वर्षी सुएझ कालवा उघडला आणि १८७० मध्ये जबलपूरमार्गे मुंबई-कोलकाता रेल्वे सलग झाली. या तिसऱ्या दुव्याचा उल्लेख क्वचितच होतो. तो नसता तर हिंदुस्थान ओलांडायला बैलगाडी, नाहीतर दक्षिणेला वळसा घालणारं जहाज, एवढेच पर्याय होते. थळ घाटातून इगतपुरीला चढणारा आणि भुसावळमार्गे पुढे जाणारा रेल्वेचा रस्ता त्या अर्थाने जगाच्या पर्यटनाच्या नकाशात बसतो.

१८८१ मध्ये कुकच्या कंपनीने मुंबईत कार्यालय उघडलं. काही वर्षांनी, १८८६ मध्ये, सरकारने हजला जाणाऱ्या यात्रेकरूंच्या वाहतुकीचं काम तिच्याकडे सोपवलं. तोवर मुंबई बंदरात दलालांची गर्दी असे, जहाजात माणसं कोंबली जात आणि बरेच गरीब यात्रेकरू परतीचं भाडं नसल्याने जेद्दाह बंदरात अडकून पडत. कंपनीने रेल्वे आणि जहाज मिळून ठराविक दराची तिकिटं आणि परतीचं तिकीट यांवर भर दिला. उपाय शहाणपणाचा होता. पण परतीचे पैसेही आधी भरणं गरीब माणसाला जड जाई, जहाजं मालकांच्या हातात होती आणि हे काम कंपनीला कधी नफ्याचं झालं नाही. तूट सरकार भरत होतं. १८९० च्या दशकात ही व्यवस्था गुंडाळली गेली. तरीही आम्हाला हा प्रयोग स्वित्झर्लंडच्या सहलींपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण इथे प्रवासी श्रीमंत नव्हता आणि परतीच्या तिकिटावर त्याचा जीव अवलंबून होता.

वडिलांच्या कपाटात न वटवलेले ट्रॅव्हलर्स चेक सापडले. त्यांवर एकच सही आहे. ते बाद झाले का? दोन सह्यांची पद्धत कशासाठी होती? (वाचिका, कोल्हापूर)

बाद समजून फाडू नका. अमेरिकन एक्स्प्रेसच्या ट्रॅव्हलर्स चेकना मुदत नसते. दुसरी सही स्वतः करू नका, कोऱ्या जागेला हातही लावू नका. प्रत्येक चेकचा अनुक्रमांक, रक्कम आणि चलन कागदावर उतरवा, दोन्ही बाजूंचे फोटो घ्या आणि चेक देणाऱ्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून संपर्क साधा. मूळ मालक हयात नसेल तर मृत्यूचा दाखला आणि वारस असल्याची कागदपत्रं लागतील, ती आधीच जुळवून ठेवा. मूळ चेक पोस्टात टाकण्यापूर्वी कंपनीकडून लेखी सूचना घ्या.

आता दोन सह्या. ट्रॅव्हलर्स चेक येण्याआधी प्रवासी बँकेचं पतपत्र, म्हणजे या माणसाला पैसे द्या असं सांगणारं पत्र, नेत, पण ते ठराविक शहरांतल्या ठराविक बँकांतच चाले. अमेरिकन एक्स्प्रेसने १८९१ मध्ये आणलेल्या चेकमध्ये ओळख पटवण्याचं काम चेकवरच होतं. विकत घेताना कारकुनासमोर पहिली सही, वटवताना घेणाऱ्यासमोर दुसरी. दोन्ही जुळल्या की झालं. लोक चूक कुठे करत? काही जण घाईत दोन्ही सह्या आधीच करून ठेवत, मग तो चेक नोटेइतकाच उघडा पडे. काही जण पहिली सहीच विसरत, मग चोरी झाल्यावर कंपनी भरपाई नाकारू शके. आणि अनुक्रमांकांची यादी चेकच्याच पाकिटात ठेवली की दोन्ही एकदम जात. कंपनीची कमाई विक्रीच्या शुल्कापुरती नव्हती. चेक विकल्यापासून वटेपर्यंत लाखो लोकांचे पैसे तिच्याकडे बिनव्याजी राहत. तुमच्या वडिलांचे चेक त्याच कंपनीचे असतील तर त्यांचेही अजून तिथेच आहेत.

विमानाची सहल स्वस्त कशी झाली? नुसतं तिकीट महाग आणि हॉटेलसकट पॅकेज स्वस्त, हे गणित कळत नाही. (वाचक, पुणे)

१९५० मध्ये व्लादिमिर राइट्झ याने होरायझन नावाच्या कंपनीतर्फे लंडनहून कॉर्सिका बेटावरच्या काल्व्हीला डाकोटा विमानाने सहल नेली. विमान, तंबूतला मुक्काम आणि जेवण मिळून ३२ पौंड १० शिलिंग. नेहमीच्या विमानाने नुसतं फ्रान्समधल्या नीसला जाऊन येण्याचं तिकीट याच्या दुपटीच्या आसपास होतं. सरकारी विमान कंपनीचं गिऱ्हाईक तुटू नये म्हणून परवाना फक्त विद्यार्थी आणि शिक्षकांपुरता मिळाला होता.

गणित असं. समजा ३२ जागांच्या विमानाचं भाडं ३,२०,००० रुपये आहे. सगळ्या जागा भरल्या तर माणशी १०,०००. वीसच भरल्या तर १६,०००. रोज ठरलेल्या वेळी उडणाऱ्या कंपनीला विमान अर्धं रिकामं असलं तरी उडवावं लागतं, म्हणून ती रिकाम्या खुर्चीचा खर्च भरलेल्या खुर्चीवर टाकते. चार्टरवाला, म्हणजे आख्खं विमान भाड्याने घेणारा, जवळजवळ पूर्ण विमान आधीच विकतो.

पण याहून मोठी युक्ती परतीच्या फेरीत आहे. एकच गट नेऊन आठवड्याने आणायचा तर विमानाच्या चार खेपा होतात आणि त्यांतल्या दोन रिकाम्या जातात. एकदा सोडून येताना, एकदा आणायला जाताना. आता दर शनिवारी एक याप्रमाणे २० गट पाठवा. नवा गट उतरला की त्याच विमानात जुना गट बसतो. एकूण ४२ खेपा आणि रिकाम्या तरीही फक्त दोनच, हंगामाच्या सुरुवातीची परतीची आणि शेवटची जाण्याची. म्हणूनच चार्टर सहली ठरलेल्या वारालाच निघतात आणि मुक्काम ७ किंवा १४ दिवसांचाच असतो. चार दिवस हवेत म्हटलं की हे चक्र मोडतं. एखादा शनिवार रिकामा गेला तर एका गटाचा नव्हे, दोन गटांचा हिशोब बिघडतो.

एकट्याने गेलं तर जादा पैसे का? (वाचिका, ठाणे)

कारण दर माणशी छापतात, पण हॉटेल खोलीचे पैसे घेतं. ट्विन शेअरिंगचा दर म्हणजे अर्धी खोली. जोडीदार नसेल तर उरलेली अर्धी तुमच्यावर येते. बुकिंग करताना खोलीत सोबत राहणारी प्रवासी मिळवून देता का, असं विचारा. काही कंपन्या देतात. मात्र ऐनवेळी ती रद्द झाली तर फरक कोण भरणार, हे लेखी घ्या.

इतकी जुनी थॉमस कुक बुडाली कशी? आपल्या आगाऊ पैशांचं काय? (वाचक, नाशिक)

२३ सप्टेंबर २०१९ रोजी ब्रिटनमधली कंपनी बंद पडली. भारतातली थॉमस कुक वेगळी आहे. तिची मालकी २०१२ मध्येच कॅनडाच्या फेअरफॅक्स या वित्तकंपनीकडे गेली होती, त्यामुळे ती त्यात बुडाली नाही.

कर्जाचा डोंगर हे मुख्य कारण. पण तारखेकडे पाहा. विमानं आणि सहली चालवणारी ब्रिटनमधली कोर्ट लाइन १५ ऑगस्ट १९७४ ला कोसळली, तिथलीच मोनार्क विमान कंपनी २ ऑक्टोबर २०१७ ला. तिकडच्या उन्हाळी (जून ते ऑगस्ट) हंगामाचे पैसे लोक आधी भरतात, हॉटेलांची बिलं मात्र हंगाम संपताना येतात आणि पुढे रिकामा हिवाळा असतो. कूपनांच्या काळापासून ज्या आगाऊ रोकडीवर धंदा उभा आहे ती हंगामाच्या शेवटी तळाला जाते. कच्ची कंपनी तेव्हाच उघडी पडते.

कोर्ट लाइननंतर ब्रिटनमध्ये प्रवाशांसाठी राखीव निधी उभारला गेला. २०१९ मध्ये अडकलेल्या सुमारे दीड लाख ब्रिटिश प्रवाशांना तिथल्या विमान प्राधिकरणाने परत आणलं. आपल्याकडे असा सक्तीचा निधी नाही आणि पर्यटन मंत्रालयाची मान्यता ऐच्छिक आहे. म्हणून पावती कंपनीच्या नावे घ्या, व्यक्तीच्या खात्यात पैसे टाकू नका. शक्य तर क्रेडिट कार्ड वापरा, म्हणजे सेवा न मिळाल्यास बँकेकडे वाद नोंदवता येतो. पीएनआर मिळाला की विमान कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः पाहा आणि तिकीट क्रमांक आहे का ते तपासा. नुसता पीएनआर म्हणजे जागा धरून ठेवली, पैसे भरले असं नव्हे.

आजोबांची प्रवासाची जुनी पत्रकं आहेत, साल छापलेलं नाही. काळ कसा ओळखायचा? (वाचक, सांगली)

आधी चलन पाहा. आणे असतील तर १ एप्रिल १९५७ च्या आधीचं, ‘नये पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४. रेल्वेचं नाव जी. आय. पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) असेल तर नोव्हेंबर १९५१ च्या आधीचं, कारण तेव्हा मध्य रेल्वे झाली. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून. ब्रिटनमध्ये छापलेल्या चित्रकार्डाच्या मागे मधोमध उभी रेघ असेल तर ते १९०२ किंवा नंतरचं. कुकच्या पत्रकावर लंडनचा पत्ता लडगेट सर्कस असेल तर १८७३ ते १९२६ च्या दरम्यानचं, बर्कली स्ट्रीट असेल तर त्यानंतरचं. एका खुणेवर विसंबू नका. जुना साठा संपेपर्यंत जुनीच पत्रकं वाटली जात, त्यामुळे दोन-तीन खुणा जुळल्यावरच साल धरा.

लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका. दोन्ही कागद कायमचे खराब करतात. गंजलेल्या टाचण्या हळूच काढा, आम्लविरहित कागदाच्या पाकिटात ठेवा आणि पावसाळ्यात भिंतीला टेकलेल्या लोखंडी कपाटात ठेवू नका, तिथे ओल धरते. स्कॅन ६०० डीपीआयवर करा, मागची कोरी बाजूसुद्धा. पेन्सिलने लिहिलेले भाव आणि तारखा बहुधा तिथेच सापडतात.