पडीक रानातली करवंदं काढून झाडं लावावीत, की रान तसंच सोडावं?

तुम्ही विचारलंय, पन्हाळ्याजवळचं तुमचं शेत दहा वर्षं पडीक आहे, आता करवंदीच्या जाळ्या माजल्यात, त्या काढून रोपं लावू का?

कृपा करून करवंदीला हात लावू नका. तुमच्या रानात आज सगळ्यात मोलाचं काम तीच करतेय.

नांगर थांबला की आधी टाकळा आणि कुसळी गवत येतं. त्यांना भर ऊन लागतं. त्यांची मुळं माती धरतात, पाला कुजून ओल टिकते, मग करवंद, तोरण, धायटी रुजतात. करवंदं खायला बुलबुल येतात आणि इतर ठिकाणी खाल्लेल्या अंजनी-जांभळाच्या बिया विष्ठेतून तिथेच टाकतात. जाळीच्या काट्यांत गुरांचं तोंड शिरत नाही, ऊन कमी लागतं, रोप तगतं. पुढे तेच झाड वर गेलं की त्याच्या सावलीत गवत हटतं आणि करवंदही विरळ होते. जिने आसरा दिला तिचीच जागा जाते. मला या सगळ्यात हेच सर्वांत विलक्षण वाटतं.

हा क्रम मोडतो तो वणव्याने. गवत जळलं तरी बुडातून पुन्हा फुटतं, कोवळी रोपं मात्र संपतात. आपल्याकडे कितीतरी डोंगर नुसते गवताचे दिसतात, अधूनमधून जाड सालीचा एखादा कुंभा. तिथे बहुधा दरवर्षी आग फिरते. म्हणून रोपांवर खर्च करण्याआधी हिवाळ्यातच बांधाकडेने गवत कापून जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा मोकळा पट्टा, काढा. रानमोडीचं तण असेल तर पावसात माती ओली असताना मुळासकट उपटा. उन्हाळ्यात ती वाळून आगीला सरपण होते.

जंगल कसलं होईल? अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ क्लेमेंट्स यांनी 1916 मध्ये मांडलं की हवामान ठरवेल त्या एकाच पक्क्या अवस्थेकडे वनस्पतींचा समूह जातो. त्यांच्याच देशातले वनस्पतिशास्त्रज्ञ ग्लीसन यांनी 1926 मध्ये उलट सांगितलं: प्रत्येक जाती आपापल्या गरजेने येते, समूह जमतो तो योगायोगाने. गगनबावड्याच्या मुसळधार पावसाकडून शिरोळच्या कोरड्या माळाकडे गेलात तर झाडं एकेक करून बदलत जातात, ठळक सीमा क्वचितच दिसते. मला ग्लीसन जास्त पटतात. त्यामुळे तुमच्याकडे दाजीपूरच्या जंगलाची हुबेहूब नक्कल होईल असं धरू नका. आसपासच्या देवराईत जे उभं आहे त्याचंच बी येईल.

एक अपवाद. जमीन जांभ्या कातळाची, वीतभरही माती नसलेली असेल, मसाई पठारासारखी, तर तिथे खड्डे खणून झाडं लावू नका. पावसात पाणी साचणाऱ्या त्या निकस सड्यावर गेंद आणि सीतेची आसवं ही छोटी पावसाळी फुलझाडं वाढतात. सीतेची आसवं नत्राची उणीव बारीक जीव पकडून भागवतात. सावली आणि पालापाचोळा आला की ही झाडं टिकत नाहीत. तिथे काहीच लावायचं नाही, गाड्या तेवढ्या वर येऊ द्यायच्या नाहीत.