ली ब्रॅकेट या अमेरिकन लेखिकेची कारकीर्द नेमकी कशी होती?

ली ब्रॅकेट (१९१५–१९७८) यांचा जन्म लॉस एंजेलिसचा. १९४० पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या मंगळ-शुक्रावरील साहसकथांनी त्यांना नाव मिळवून दिले; मात्र चित्रपटसृष्टीचे दार उघडले ते ‘नो गुड फ्रॉम अ कॉर्प्स’ (१९४४) या रहस्यकादंबरीने. तिच्यातील धारदार संवाद वाचून दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स यांनी, लेखक पुरुषच असणार अशा समजुतीने, त्यांना बोलावणे धाडले आणि समोर तरुण स्त्री आल्यावरही काम दिले. त्यातूनच विल्यम फॉकनर व ज्यूल्स फर्थमन यांच्यासह ‘द बिग स्लीप’ (१९४६) ची पटकथा त्यांनी लिहिली. हॉक्स यांच्यासाठी पुढे ‘रिओ ब्राव्हो’, ‘एल डोराडो’ हेही चित्रपट लिहिले.

अणुयुद्धानंतर मोठ्या शहरांवरच बंदी आलेली अमेरिका रंगवणारी ‘द लाँग टुमॉरो’ (१९५५) ही मला त्यांची सर्वांत परिपक्व कादंबरी वाटते. पटकथांच्या कीर्तीमुळे ती मागे पडली, याची खंत वाटते.

‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ च्या पटकथेचा पहिला खर्डा सोपवल्यावर काही आठवड्यांतच कर्करोगाने त्यांचे निधन झाले. १९८० मध्ये प्रदर्शित झालेल्या त्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत लॉरेन्स कॅसडन यांच्यासोबत त्यांचेही नाव आहे.