फियाटचे जुने ड्रम आधी ताब्यात घ्या

प्रश्न : वडिलांची १९७२ ची फियाट ११०० मी दर पाच वर्षांनी पुनर्नोंदणी करून वापरतो. कात्रज घाटात ब्रेक तापतात म्हणून ओळखीच्या गॅरेजवाल्यानं पुढे दुसऱ्या गाडीचे डिस्क ब्रेक आणि सस्पेन्शन बसवलं. १,४०,००० रुपये यूपीआयनं दिले, पक्कं बिल नाही. आता ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढते. तो म्हणतो, ‘तुम्हीच करायला सांगितलंत.’ जुने भाग मागितले की टोलवतो. मला व्हिंटेज नंबरही घ्यायचा होता. – एक वाचक, कोथरूड

उत्तर : पैशांचं नंतर बघू. आधी जुने ब्रेकचे ड्रम, विशबोन (चाक धरणारे सस्पेन्शनचे आर्म) आणि स्प्रिंगा परत मिळवा. ते भंगारात गेले, तर निकाल तुमच्या बाजूनं लागूनही गाडी पूर्ववत करता येणार नाही, आणि तुमचं बाकी सगळं त्यावरच अडलंय.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. ‘आरसी बुकात ब्रेकचा रकानाच नाही, आरटीओला काय कळणार?’ हे गॅरेजमध्ये हमखास ऐकायला मिळतं. त्यावर विसंबू नका. केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे कलम कडकपणे वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२-अ आलं : बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. ब्रेक आणि सस्पेन्शन हे दोन बदल मोजले जाऊ शकतात. त्याच मापाचे नवे लायनर किंवा स्प्रिंगा टाकणं ही मात्र दुरुस्ती. त्याला कुणी हरकत घेत नाही.

आता खरा कळीचा प्रश्न. नवं सस्पेन्शन नुसत्या बोल्टवर बसलंय, की बॉडी कापून वेल्डिंग केलंय? तुमच्या फियाटला वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी. आणि २०२१ च्या व्हिंटेज नियमांना पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली, चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात फेरफार न झालेली गाडी लागते. बोल्टवर असेल तर मागे फिरता येईल. वेल्डिंग असेल तर व्हिंटेज नंबर मिळणं फार कठीण. शिवाय तो नंबर घेतला की गाडी रोजच्या वापरात राहत नाही : प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि देखभाल, एवढ्यासाठीच रस्त्यावर. नोंदणी फी २०,००० रुपये. आईला रविवारी सारसबागेत न्यायचं असेल, तर सध्याची पुनर्नोंदणीच बरी. लोक हा भाग वाचतच नाहीत आणि मग हळहळतात.

गॅरेजवाल्याला स्पीड पोस्टानं नोटीस द्या. त्याचे पैसे चुकते झालेत, त्यामुळे भाग अडकवून ठेवण्याचा हक्क त्याला उरत नाही. करार कायद्यानुसार ते परत करणं त्याच्यावर बंधनकारक आहे. पोलिसांकडे आत्ताच धावू नका, माणूस घाबरून भाग गायब करील. नोटिशीआधी दुसऱ्या जाणत्या मेकॅनिककडून फोटोंसह लेखी तपासणी करून घ्या : कॅलिपर (डिस्कला आवळणारा भाग) अडकतोय का, अलाइनमेंट चुकलंय का, ड्रमसाठीचाच मास्टर सिलिंडर (ब्रेक ऑइलला दाब देणारा भाग) ठेवून डिस्क जोडल्यात का.

तरीही ऐकलं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षं, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पक्कं बिल नसलं तरी यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सअॅप संदेश चालतील. संदेशांसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र जोडलेलं बरं. मागणी मात्र जपून लिहा. ‘डिस्क नीट बसवून द्या’ असं मागितलंत, तर बेकायदा बदलच मागितल्यासारखं होईल आणि त्याचं ‘तुम्हीच सांगितलंत’ खरं ठरेल. सदोष काम, जोखमीची गाडी हाती देणं, भाग परत करणं आणि पूर्ववत करण्याचा खर्च, एवढंच मागा. सगळी रक्कम मिळेलच असं मी सांगणार नाही. तुमची संमती होती, हे आयोगालाही दिसेल.

तोवर गाडी चालवू नका, हलवायची तर फ्लॅटबेड ट्रकवर चढवून. अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट या बदलाकडेच दाखवील.

घाटाचं म्हणाल, तर मूळ ड्रम घासून, नवे लायनर आणि ताजं ब्रेक ऑइल टाकून, उतारावर खालच्या गिअरमध्ये राहून बघा.