नवं फाउंटन पेन, शाई कोणती भरू?

प्रश्न : दहावी झाल्यावर मामाने फाउंटन पेन दिलंय. घरात ड्रॉइंगची वॉटरप्रूफ काळी शाई आहे, ती चालेल का? आणि रोज लोकलने ठाणे ते दादर जाते, पेन बॅगेत गळेल का? – एक वाचक, नौपाडा

उत्तर : ती शाई अजिबात भरू नकोस गं! ड्रॉइंगच्या वॉटरप्रूफ शाईत बऱ्याचदा लाख (शेलॅक नावाची राळ) असते, ती आत वाळली की फीड, म्हणजे निबपर्यंत शाई पोचवणारा भाग, चोंदतं आणि मग पेन वाचवणं कठीण. साधी निळी, फाउंटन पेनची म्हणून मिळणारी शाई घे. आपल्या मुंबईची कॅमलिन १९३१ पासून शाईच्या धंद्यात आहे, तिची स्वस्त बाटली सुरुवातीला मस्त. आधी पेन साध्या पाण्याने, थेंबभर भांड्यांचा साबण घालून धू, कारण नव्या पेनात कारखान्यातलं तेल राहिलेलं असू शकतं, मग नुसत्या पाण्याने स्वच्छ कर, गरम पाणी नको. रंग बदलताना परत धुवायचं. लोकलमध्ये निब वर ठेव, टोपण घट्ट लाव. पावसाळ्यात शाई पसरली तर पेनला दोष देऊ नकोस, बहुतेकदा वही दमट झालेली असते. आणि रोज चार ओळी तरी लिही, पडून राहिलं की शाई आतच सुकते.