ॲपवर नव्वद टक्के आणि चाचणीत निम्मेच गुण : ऑनलाइन सराव उपयोगी कसा करावा?

आपण विचारले आहे की, आठवीतील आपली मुलगी मोबाइलवरील गणिताच्या सरावात रोज नव्वद टक्क्यांच्या पुढे असते, तरी शाळेच्या चाचणीत तिला निम्मेच गुण मिळतात, तर दोष मुलीचा की ॲपचा? मी सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. माझ्या मते दोष उदाहरणांच्या क्रमात आहे.

ॲपमध्ये धडा निवडला की बहुधा त्याच धड्याची वीसेक उदाहरणे ओळीने येतात. वर ‘सूट व कमिशन’ असे लिहिलेले असल्यावर कोणती रीत लावायची हा प्रश्नच पडत नाही. पहिली दोन उदाहरणे विचार करून सुटतात, उरलेली हाताच्या सवयीने. चाचणीत मात्र सूट, व्यस्त चलन आणि चक्रवाढ व्याज शेजारी शेजारी बसलेले असतात आणि उदाहरण सोडवण्याआधी ते ओळखावे लागते. रोहरर आणि टेलर या अमेरिकी संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात घनफळाची उदाहरणे काही विद्यार्थ्यांना प्रकारवार, तर काहींना सरमिसळ करून दिली होती. सराव चालू असताना प्रकारवार गटाची ८९ टक्के उत्तरे बरोबर आली, सरमिसळ गटाची ६०. आठवड्यानंतरच्या चाचणीत पहिला गट २० टक्क्यांवर घसरला आणि दुसरा ६३ वर राहिला. आपल्या मुलीचे नव्वद टक्के मला या ८९ सारखे वाटतात.

मीही यात फसलो आहे. २०२० मध्ये शाळा बंद असताना मी रोज संध्याकाळी त्या दिवसाच्या धड्यावर दहा प्रश्नांचा गूगल फॉर्म पाठवत असे आणि बहुतेकांना दहापैकी दहा पडलेले पाहून समाधान मानत असे. पुढे ऑक्टोबरात द्राक्षबागांच्या छाटण्या सुरू झाल्या, वडिलांबरोबर मोबाइलही दिवसभर बागेत जाऊ लागला आणि एका वस्तीवरील सात मुलांची उत्तरे एकाच चुकीसह येऊ लागली. रात्री ज्याच्या घरी मोबाइल मोकळा असेल त्याच्याभोवती सगळी बसत होती! मुलांना रागावण्यासारखे त्यात काही नव्हते. मी उत्तर मागत होतो, त्यांनी उत्तर दिले. त्यानंतर मी फॉर्ममधील पर्याय काढून टाकले, वहीत सोडवलेल्या पायऱ्यांचा फोटो मागू लागलो आणि दहापैकी तीनच प्रश्न चालू धड्याचे, बाकीचे मागच्या आठवड्यातले व मागच्या महिन्यातले ठेवले.

पायऱ्या का पाहायच्या, ते एका उदाहरणावरून लक्षात येईल. शेकडा २० सूट दिल्यावर वस्तू ४०० रुपयांना मिळाली, तर तिची छापील किंमत किती? पुष्कळ मुले ४०० चे २० टक्के काढून मिळवतात आणि ४८० लिहितात. खरे उत्तर ५०० आहे, कारण सूट छापील किमतीवर मोजली जाते. प्रश्न काढणाऱ्याला ही चूक ठाऊक असते, म्हणून ४८० हा पर्याय बहुधा हजर असतो. ॲप लाल खूण दाखवते, मूल दुसऱ्या पर्यायावर बोट ठेवते, हिरवी खूण येते आणि २० टक्के नेमके कशाचे, हे तसेच राहून जाते.

म्हणून मुलीला पर्याय हाताने झाकून आधी वहीत उत्तर काढू द्या. जे चुकेल ते वेगळ्या वहीत उतरवून का चुकले ते तिच्याच शब्दांत एका ओळीत लिहू द्या (‘घाईत चुकले’ हे कारण मी स्वीकारत नाही), आणि तेच उदाहरण चार दिवसांनी व पुन्हा पंधरा दिवसांनी, आधीचे न पाहता सोडवायला सांगा. ॲपमध्ये धडे मिसळण्याची सोय नसेल, तर बालभारतीच्या पुस्तकातील संकीर्ण प्रश्नसंग्रह वापरा. तो याच कामासाठी दिलेला असूनही सर्वांत कमी उघडला जातो. व्हिडिओ अडले तेवढ्यापुरताच पाहावा. एनएमएमएस या आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसणार असेल, तर तेथे प्रत्येक पेपरात ९० मिनिटांत ९० प्रश्न असतात हे खरे, पण घड्याळ लावून सराव मी शेवटच्या महिन्यातच सुरू करतो.

असे सुरू केल्यावर पहिले दोन-तीन आठवडे तिचे रोजचे टक्के खाली येतील आणि ती आपणहून जुन्या पद्धतीकडे वळू पाहील. तेवढे दिवस टक्के विचारू नका. संध्याकाळी चुकांची वही घेऊन बसा आणि एखादे उदाहरण तिला आपल्याला समजावून सांगायला लावा.