जुनं जेल, पडाव अन् चांदमारी : जागा मोकळी दिसते, पण असते का?

या वेळी सरकारी पडीक जागांचे प्रश्न गंज आले, त्यातले चार घेतो.

भाऊ, आमच्या तहसीलमागं जुनं सबजेल आहे. कैदी कधीचे गेले, आता नुसती बेशरमची झाडं. नगरपंचायत म्हणते दुकानगाळे काढू, आम्ही पोरं म्हणतो अभ्यासिका द्या. कोणाचं चालते? (अमरावती जिल्हा)

दोघांचंही नाही, आधी कागदाचं चालते. आपल्या विदर्भात शहर-कसब्यातली सरकारी जागा बहुतेक नझूल (म्हणजे शेतीची नसलेली सरकारी जमीन) असते, म्हणून भूमी अभिलेखमधून आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा अन् धारक कोण ते बघा, महसूल, गृह का बांधकाम. तालुक्याचे सबजेल जुन्या काळी तहसीलदाराच्याच हाताखाली राहायचे, त्यामुळं जमीन एकाची, इमारत दुसऱ्याची अन् चावी तिसऱ्याकडं असा घोळ असू शकते. महसूलची निघाली तर अर्ज कलेक्टरकडं, सोबत नगरपंचायतचा ठराव, अन् ठरावात वापर नेमका लिहा. सरकारी जमीन ज्या कामाला भेटली त्याच कामाला वापरा लागते, अभ्यासिकेच्या नावानं घेऊन मंगल कार्यालय चालवलं की शर्तभंग, मग जागा परत सरकारजमा होऊ शकते.

माझं विचाराल तर अभ्यासिकाच. गाळ्यांसाठी पहिले भिंत पाडतात अन् नंतर अर्धे शटर बंदच राहतात, गावोगावी बघतोच आपण. खरगपूरची आयआयटी 1951 मध्ये हिजलीच्या इंग्रजांच्या काळातल्या बंदी छावणीतच सुरू झाली, तिथंच 1931 मध्ये पोलिसांच्या गोळीबारात दोन राजबंदी मेले होते. म्हणजे बराकीत शिकता येते, पण बराकीच्या खिडक्या उंचावर, उजेड कमी, हवा त्याहून कमी, म्हणून खिडकी पाडायचा मोह होते. चुन्याच्या जाड भिंतीला मिस्त्रीच्या अंदाजानं भोक पाडू नका, आधी स्ट्रक्चरल ऑडिट करा. अन् वीजबिल कोण भरणार, रात्री कुलूप कोण लावणार हे ठरावातच टाका, अभ्यासिका बंद पडते ती पुस्तकांपायी नाही, याच्यापायी.

काका, गावाबाहेर पाच-सहा एकर पडाव आहे, आजा म्हणे तिथं गोऱ्यांची पलटण मुक्कामाला थांबे. आम्ही गायरानच समजत होतो, पोरंपोरी तिथं पोलीस भरतीची प्रॅक्टिस करतात. सातबारा काढला तर संरक्षण विभाग! ग्रामपंचायत ग्राउंड करू शकते का? (भंडारा जिल्हा)

आजा बरोबर सांगत होता. पलटणी पायी जायच्या तेव्हा वाटेवर मुक्कामाच्या जागा राखून ठेवत, अशा कॅम्पिंग ग्राउंडच्या जागा देशभर अजूनही डिफेन्सच्या नावावर आहेत. ही केंद्राची जमीन, कलेक्टर साहेब देऊच शकत नाहीत, अन् तुम्ही आमदार निधीतून कंपाउंड टाकलं तर तेही अतिक्रमणच, 1971 च्या पब्लिक प्रिमायसेस कायद्याखाली नोटीस येईल. रस्ता असा की ग्रामसभेचा ठराव कलेक्टरमार्फत राज्य सरकारकडं, तिथून संरक्षण मंत्रालयाकडं, अन् मंत्रालय सहसा फुकट देत नाही, बाजारभाव मागते नाहीतर तेवढ्याच किमतीची दुसरी जमीन किंवा बांधकाम. वर्षं जातात बाप्पा.

पण त्याच्या आधी जुनं निस्तार पत्रक, म्हणजे गावाच्या सामाईक वापराच्या जागांची नोंद, काढा. त्यात ही जागा गावाच्या उपयोगाची म्हणून लिहिलेली निघाली तर सातबाऱ्यावरची नोंद कधी अन् कोणत्या फेरफारानं आली ते विचारता येते, तिथं केस उभी राहू शकते. तोवर डिफेन्स इस्टेट्सकडं (संरक्षण खात्याच्या जमिनी सांभाळणारं ऑफिस) नुसत्या वापराची लेखी परवानगी मागा, बांधकामाची नको. पोरांच्या 1600 मीटरला अन् पोरींच्या 800 मीटरला सिमेंट लागत नाही, सपाट माती पुरते.

सर, मी आशा वर्कर. गावाजवळ जुनी चांदमारी (गोळीबाराच्या सरावाचं मैदान) आहे, गोळीबार कधीचा बंद. तिथं आरोग्य उपकेंद्र व्हावं असं वाटते. पण जागा झुडपी जंगलात, अन् लोक तिथल्या ढिगाऱ्याची माती परसात नेतात, चालते का? (चंद्रपूर जिल्हा)

ताई, माती आधी थांबवा, आजच. गोळ्या ज्या ढिगाऱ्यात घुसतात त्यात शिसं जमा होते, ते सडत नाही का उडत नाही, अन् लहान लेकरांच्या मेंदूला सगळ्यात जास्त नडते. भाजीच्या वाफ्यात ती माती नको, तिथं बकऱ्याही नको. नुसत्या रायफली चालल्या का बॉम्ब-मॉर्टरही, हे पोलिसांना लेखी विचारा, अन् लोखंडाचा तुकडा दिसला तर भंगारवाल्यासाठी उचलू नका, बॉम्ब शोधक पथक बोलवा. पुलगावजवळ 2018 च्या नोव्हेंबरात जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट होऊन 6 माणसं गेली, अन् ते तर लष्कराच्या देखरेखीतलं काम होतं.

झुडपी जंगलाचं म्हणाल तर 22 मे 2025 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ही वनजमीनच आहे. म्हणजे वनखात्याला डावलून काही होत नाही. पण 2006 च्या वनहक्क कायद्याचं कलम 3(2) वाचा, त्यात दवाखाना, शाळा, अंगणवाडी अशा 13 कामांसाठी ग्रामसभेच्या शिफारशीवर प्रत्येकी 1 हेक्टरपेक्षा कमी वनजमीन भेटू शकते, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं मात्र तोडता येत नाहीत. ढिगाऱ्यापासून दूरचा कोपरा मागा, अन् बोअरचं पाणी तपासल्याशिवाय उपकेंद्राचं भूमिपूजन होऊ देऊ नका, नेते कितीही घाई करोत.

जुन्या जेलचं म्युझियम केलं तर टुरिस्ट येतील का? (बुलढाणा जिल्हा)

तिकिटावर चालेल इतके नाही येणार. बंगळुरूच्या जुन्या सेंट्रल जेलचा 2008 मध्ये फ्रीडम पार्क झाला, तो जिवंत आहे कारण शहराच्या मधोमध आहे अन् सभा-धरणे तिथंच होतात. पोर्ट ब्लेअरच्या सेल्युलर जेलच्या सात विंगांपैकी तीनच उरल्या, त्या 1979 ला राष्ट्रीय स्मारक झाल्या, अन् त्याच आवारात सरकारी हॉस्पिटलही चालते. आठवणीसाठी म्युझियमच लागते असंही नाही. चंद्रपूरच्या जेलमध्ये 21 ऑक्टोबर 1858 ला इंग्रजांविरुद्ध लढलेल्या बाबुराव शेडमाकेंना फाशी दिली, जेल अजून चालू आहे तरी त्या दिवशी लोक तिथं अभिवादनाला येतात. तुम्ही एक कोठडी जशीच्या तशी ठेवा, कोण कधी इथं होतं ते जेलच्या रजिस्टरवरून लिहा (गावातल्या ऐकीव गोष्टींवरून नको, भांडणं होतात), अन् बाकीच्या बराकी बचतगटाला, वाचनालयाला द्या. रजिस्टर तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये असेल तर वाळवी लागायच्या आत नक्कल मागा.