सिगारेट सोडून दीड महिना झाला. टिकून राहण्यासाठी प्रोत्साहन कुठून मिळवावं?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की मित्र म्हणतात, 'इच्छाशक्ती असली की बाकी काही लागत नाही', आणि आता तुम्हालाच वाटायला लागलंय की आपल्यात ती कमी आहे. खरं सांगायचं तर प्रश्नापेक्षा या वाक्यामुळे मी लिहायला बसलो. आमच्या घरात हे वाक्य जेवणात मिठासारखं वाढलं जातं.

मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहे. शिफ्ट सुटली की गेटबाहेरची टपरी, खांबाला दोरीनं बांधलेला लायटर, हातात चहा आणि सुट्टी सिगारेट. सुटी विक्री राज्यात २०२० पासून बंद आहे म्हणे. आमच्या टपरीवाल्याला ते कुणी सांगितलेलं दिसत नाही. तर मी सोडली त्याच्या पहिल्याच महिन्यात गावची म्हाई आली, म्हणजे जत्रेचं जेवण. पाहुणे, तांबडा-पांढरा, अंगणात पंगती. दादा माळकरी, त्यामुळे तो बाजूला पोळीचं ताट घेऊन बसलेला. जेवणं झाली आणि मेहुण्यानं सवयीनं पाकीट पुढं केलं. मी खिशातनं निकोटीनची गोळी काढली. च्युइंगगमसारखी असते, औषधाच्या दुकानात मिळते.

दादानं पाहिलं आणि सगळ्या पाहुण्यांसमोर सुरू झाला. "आरं, गोळ्या चघळून कुणाची सुटलीया व्हय? म्या माळ घातली, बिडीचं बंडल चुलीत टाकलं, इषय संपला. मन घट्ट पायजे माणसाचं." पंगत हसली. मेहुणा तर जास्तच हसला, कारण त्याची स्वतःची सुटत नाही.

मी काही बोलणार त्याच्या आत वहिनी भाकऱ्यांची परात घेऊन दारात आल्या. "इषय संपला? मग आमटीत मीठ जास्त झालं म्हणून ताट अंगणात कुणी भिरकावलं हुतं? पोरगं रडतंय म्हणून मळ्यात झोपाय कोण गेलं हुतं? रोज सकाळी तुमच्या खिशात लवंगा कोण भरत हुतं? आन् बुवा रोज जेवणवक्ताला दारात हाका मारत हुते, ते काय त्यांचं घड्याळ बंद पडलं हुतं?" आणि माझ्याकडं वळून, "भावजी, तुमी खावा ती गोळी."

पंगत परत हसली, पण या वेळी दादावर. आई कोपऱ्यात मिसरी लावत हे सगळं ऐकत होती. तिच्या व्यसनाची मोजदाद आमच्या घरात आजवर कुणी केलेली नाही, तो वेगळाच विषय.

बुवांचं मला तोवर ठाऊकच नव्हतं. दादाची बिडी जेवणानंतरची. बरोबर त्या वेळेला भजनी मंडळाचे बुवा त्याला बोलवायला यायचे आणि टाळ हातात द्यायचे. दोन्ही हातांत टाळ असल्यावर माणूस बिडी कशी ओढणार? वर पारावर बसलेली म्हातारी माणसं. माळ घातलेल्यानं बिडी पेटवली तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. दर एकादशीला कीर्तन, आषाढीला दिंडी. एवढी माणसं धरून होती त्याला, आणि हा सांगतो मनानं सोडली! 'एका झटक्यात सोडली' म्हणणाऱ्या कुणाच्याही बायकोला, आईला किंवा रूममेटला विचारून बघा. तुमच्या मित्रांच्याही घरी चौकशी करा.

मला शिरोलीत बुवा कुठून मिळणार? मी पाकिटावरचा नंबर फिरवला, १८००-११-२३५६. वर्षानुवर्षं त्या सडलेल्या गळ्याच्या चित्राशेजारी तो वाचत होतो, करायचं मात्र कधी सुचलं नाही. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. पलीकडच्या बाईंनी उपदेश केला नाही. पहिला प्रश्न विचारला, "सकाळी उठल्यावर पहिली किती वेळात ओढता?" मी म्हटलं, चूळ भरायच्या आधी. त्यावरून त्यांनी ओळखलं की नुसत्या निर्धारावर माझं निभणार नाही. अर्ध्या तासाच्या आत पहिली लागत असेल तर शरीर चांगलंच बांधलं गेलेलं असतं. रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं आणि हात आपोआप खिशाकडं जातो. त्यात तुमच्या चारित्र्याचा काय संबंध? पुढं त्यांनीच ठरल्या दिवशी फोन करून विचारलं, कसं चाललंय. 'चालू आहे' एवढंच सांगायला सुद्धा बरं वाटायचं.

गोळी घेणारे बहुतेक जण ती चुकीची खातात आणि मग उचक्या लागल्या, घसा जळला म्हणून टाकून देतात. पोरांच्या गमसारखी चघळत बसायची नाही. चार-दोनदा चावायची, जिभेला झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायची, तंबाखूवाले चिमूट ठेवतात तिथंच. झिणझिण्या गेल्या की परत चावायची. असा अर्धा तास. चहा पिऊन लगेच घेतली तर फुकट, कारण चहा-कॉफीनं तोंड आंबट होतं आणि निकोटीन नीट शोषलं जात नाही. पंधरा मिनिटं जाऊ द्या.

चहावरून आठवलं. सिगारेट सुटली की शरीर चहा-कॉफीतलं कॅफिन पूर्वीपेक्षा सावकाश बाहेर टाकतं, त्यामुळे तेवढाच चहा जास्त चढतो. झोप उडते, चिडचिड होते, आणि आपण म्हणतो सिगारेट सोडल्यामुळे हे झालं. मी दुपारनंतरचा चहा बंद केला आणि घरातली निम्मी भांडणं मिटली.

आता तुमचा दीड महिना. शरीराची मागणी पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जोरात असते आणि तीन-चार आठवड्यांत बरीच विझते. तुमची आत्ताची तलफ जागेची आणि वेळेची आहे. जेवण झालं, शिफ्ट सुटली, साहेबानं झापलं. चार-पाच मिनिटांत ती ओसरते, तेवढा वेळ हात आणि तोंड कशात तरी गुंतवा. आणि 'एकच ओढतो' हे डोक्यात आलं की उठून चालायला लागा, स्वतःशी वाद घालत बसू नका.

प्रोत्साहन म्हणाल तर भाषण देणाऱ्याकडून घेऊ नका. रोज एक साधा प्रश्न विचारणारा माणूस शोधा, तोही ठरावीक वेळेला. मला असा माणूस कुठं मिळाला असेल? टपरीवर. मी टपरीवाल्याला सांगितलं होतं, मागितली तरी देऊ नकोस. तो म्हणाला, "सायेब, माझं गिऱ्हाईक गेलं, पर च्या तरी प्या." एकदा ऑर्डर रिजेक्ट झाल्याच्या रागात मी खरंच मागितली. त्यानं बरणीतनं शेंगदाण्याची चिक्की काढून दिली, वर पैसेही घेतले. टपरी टाळा असं सगळे सांगतात आणि बहुतेकांसाठी ते बरोबरही आहे. माझ्या बाबतीत टपरीवाला चांगला निघाला.

दोन-तीन गोष्टी राहिल्या. गोळी दोन मिलिग्रॅमची चिठ्ठीशिवाय मिळते, चारची डॉक्टरांकडून घ्या. हृदयाचा त्रास असेल किंवा घरात कुणी गरोदर बाई सोडत असेल तर आधी डॉक्टर. गोळीही जन्मभर खायची नसते, साधारण तीन महिन्यांत कमी करत आणायची. गोळीशिवाय चिठ्ठीवरची औषधंही आहेत, तीही घ्यायला लाज नको. खोकला वाढला तर घाबरू नका, सुरुवातीला छाती साफ होत असते. पण रक्त पडलं किंवा खोकला लांबला तर दाखवा. वजन चार-पाच किलो वाढू शकतं. मन फारच खाली जात असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, दात-ओठ खाऊन सोसू नका.

आणि माळेला मी नावं ठेवत नाही. घालणाऱ्यांपैकी कितीतरी जणांची तंबाखू सुटलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. तुम्हाला जमत असेल तर जरूर घाला, फक्त श्रेय वाटून द्या.

माझा पुतण्या इथं उत्तरं वाचत असतो. त्यानं हे घरी मोठ्यानं वाचून दाखवायला माझी हरकत नाही, मात्र वहिनी समोर असताना.